साडेतीन हजार फुटांवरचं सीमोल्लंघन

जगप्रदक्षिणेला निघणाऱ्या माणसाला समुद्र, वादळं आणि व्हिसा आडवे येतात असं वाचलं होतं. मला बीड आडवं आलं. आमच्या जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, एक ज्योतिर्लिंग आहे, औष्णिक वीज केंद्र आहे, विधानसभेचे सहा मतदारसंघ आहेत आणि त्या सहांत उभं राहायला तयार असलेली निम्मी लोकसंख्या आहे. धावपट्टी नाही. बीड शहरात रेल्वे आली तीच मुळी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मंजुरीनंतर जवळपास तीस वर्षांनी. त्या हिशेबाने विमानाची वाट पाहायची तर माझ्या जागी माझ्या नातवाने हा लेख लिहिला असता.

माझं विमान खोटं होतं हे कबूल. पण खोटं विमानसुद्धा खऱ्या जागेवरूनच उडतं. संगणकावर पॅरिसहून निघता येतं, न्यूयॉर्कहून निघता येतं. मात्र प्रदक्षिणा म्हटली की जिथून निघालो तिथंच परत यावं लागतं, आणि मला परत बीडलाच यायचं होतं, कारण सोमवारी शाळा असते. मी भूगोल शिकवतो. आजवर विमानात बसलेलो नाही. हे दोन्ही एकदम सांगितलं की लोक हसतात, म्हणून वेगवेगळं सांगायची सवय ठेवली आहे.

चिरंजीव पुण्याला शिकायला गेले आणि जाताना एक भलंमोठं खोकं मागे ठेवून गेले. त्याला काचेची भिंत होती आणि आत रंगीत दिवे लागत. हिच्या मते ते देवघराच्या बाजूला बरं दिसलं असतं. त्या संगणकात मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर होता, ऑगस्ट २०२० मध्ये आलेला. सगळी पृथ्वी उपग्रहाच्या छायाचित्रांतून उभी केलेली. युरोपात तो डबाबंद विकला तेव्हा दहा डीव्हीडी लागल्या होत्या. लॉकडाउनमध्ये आमचा पोरगा रात्र-रात्र जागून तो डाउनलोड करत होता आणि मी शेजाऱ्यांना सांगत होतो की पोरगा अभ्यासाला लागला.

त्या पृथ्वीत गंमती होत्या. सुरुवातीला मेलबर्नच्या एका बैठ्या वस्तीत २१२ मजल्यांचा सुळका उभा राहिला. कुणीतरी खुल्या नकाशात २ मजल्यांच्या जागी २१२ टंकले होते आणि यंत्राने मुकाट्याने तेवढे बांधून दिले. आमच्याकडे असे मजले कागदावर चढतात, पण कुणी बांधून देत नाही. बीड मात्र मला ओळखू आलं. कंकालेश्वराचं पाण्यातलं मंदिर तेवढं सपाट दिसत होतं, कारण माझ्या मशीनची ऐपत पाहून पोराने सगळी चित्रं हलकी करून ठेवली होती. कळस पाहायचा तर नवं कार्ड घ्यावं लागलं असतं, आणि नवं कार्ड घ्यायचं तर हिला विचारावं लागलं असतं.

खरा आनंद उडण्यात नव्हताच, तो नियोजनात होता. एक फुलस्केप वही आणली. शाळेच्या प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल चार दिवसांच्या बोलीवर घरी आणला. त्याचा आस ढिला आहे, रशियाचा रंग पोरांच्या बोटांनी गेला आहे आणि पॅसिफिकच्या मधोमध शाळेचा जांभळा शिक्का आहे, जावक क्रमांकासह. त्यावर दोरा ताणून मी अंतरं मोजली. हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एफएआय या जागतिक संस्थेचा नियम असा की सगळी रेखावृत्तं ओलांडली पाहिजेत आणि अंतर निदान कर्कवृत्ताच्या लांबीएवढं, म्हणजे ३६,७८७ किलोमीटर, भरलं पाहिजे. कर्कवृत्त! जन्मभर फळ्यावर तुटक रेघेने काढत आलो, तिच्या लांबीवर कुणी विक्रम मोजत असेल अशी शंकाही आली नव्हती.

विमान निवडलं सेसना १७२. चार जणांचं, एका पंख्याचं, साधं. १९५८-५९ मध्ये लास वेगासवर दोन माणसांनी याच जातीचं विमान ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं जमिनीला चाकं न टेकवता उडवत ठेवलं होतं. खाली ट्रक पळायचा, वर विमान, आणि ट्रकमधून तेल वर ओढून घ्यायचे. असं विमान मास्तराला सोसेल असं वाटलं. वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटर धरला तर सगळी पृथ्वी सुमारे १६५ तासांत. मात्र एका टाकीत ते साधारण पावणेबाराशे किलोमीटर जातं, तेही वारा बरा असेल तर. त्यामुळे कॅलिफोर्नियाहून हवाई बेटांवर जायचा बेत वहीतच बुडाला. उत्तरेचा रस्ता राहिला: स्कॉटलंड, फेरो बेटं, आइसलँड, ग्रीनलँड, कॅनडा, अलास्का, मग बेरिंगची सामुद्रधुनी. मुंबईच्या आरोही पंडितने मे २०१९ मध्ये एकटीने अटलांटिक ओलांडला तो याच बाजूने, स्कॉटलंडच्या विकहून निघून आइसलँड, ग्रीनलँड करत कॅनडाच्या इकालुइटला. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती आणि तिचं विमान पाचशे किलोंच्या आतलं होतं. वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग तुमचं वजन किती?"

घरात दिशेवरून वाद झाला. मला पूर्वेला जायचं होतं, वाऱ्याची साथ मिळते म्हणून. आईने एकच विचारलं, "प्रदक्षिणा ना? मग उजवी घाल." देव उजव्या हाताला ठेवून फिरायचं. आता पृथ्वीची उजवी प्रदक्षिणा कुठली? मी गोल हातात घेतला, उत्तर ध्रुवावरून खाली पाहिलं, बोट फिरवलं. उजवी प्रदक्षिणा पश्चिमेकडे निघते. म्हणजे समोरचा वारा. शास्त्र आणि हवामानशास्त्र यांत आईचं शास्त्र जिंकलं. शिवाय पश्चिमेने गेलो की काशी परतीच्या वाटेवर शेवटी येते, आणि काशी शेवटीच करायची असते, यावर तिचं माझ्याहून पक्कं मत होतं. गणपतीचा दाखला तिने दिला नाही. तो बाकी सगळ्यांनी दिला.

हिच्यावर छाप पडावी म्हणून मी जेरी मॉकची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या कोलंबसची गृहिणी, तीन मुलांची आई, १९६४ मध्ये एकटीने सेसना घेऊन निघाली आणि २९ दिवसांत जग फिरून घरी आली. असं करणारी पहिली बाई. ही भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे ती खरोखरची गेली?" हो म्हटलं. "आणि तुम्ही?" यानंतर मी कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं नाव काढलं ते केवळ विषय बदलावा म्हणून. ती ताबडतोब म्हणाली, "गच्चीवर माझ्या कुरडया असतात."

पश्चिमेला निघायचं तर पहिला मुक्काम कराची. जेआरडींनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपाल आणलं ते कराचीहूनच. पण २४ एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केलेली. संगणकात कोण अडवतं? मात्र ही बातमी दहावी ‘ब’मध्ये फुटली, एकाने सगळ्या वर्गापुढे विचारलं, "सर, तुम्ही कराचीत उतरणार?" आणि मधल्या सुट्टीपर्यंत प्रकरण स्टाफरूममध्ये पोचलं. तेव्हा भूज ते मस्कत थेट, असा बदल केला. अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या वर. टाकीत उरतं काय, तर राष्ट्राभिमान.

वही पुरी झाली तेव्हा ती कुणाला तरी दाखवणं भाग होतं. शेजारचे अण्णा आले. अण्णांनी उभी हयात ऊसतोडीची मुकादमी केली. दसरा-दिवाळीला टोळ्या घेऊन निघायचं, सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, आणि पाडव्याच्या आसपास पट्टा पडला की परत. नवरा-बायकोचा एक कोयता धरायचा, कोयत्यागणिक उचल वाटायची, ट्रॅक्टर, ट्रॉल्या, बैलं, पोरंबाळं, पीठ, सरपण, सगळ्याचा मेळ घालायचा. आमच्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं अशी हलतात. त्यांच्या मुक्कामांची वही कुणी शाळेत दाखवायला आणत नाही.

अण्णांनी चष्मा लावला आणि माझी फुलस्केप जगप्रदक्षिणा पहिल्या पानापासून वाचली.

"ह्ये ग्रीनलँड कवा?"

"नाताळच्या सुट्टीत."

"उजेड किती असतोय तिथं?"

मी गोलाकडे पाहिलं. कुलुसुकची धावपट्टी उत्तर ध्रुववृत्ताच्या अलीकडे, हाताच्या अंतरावर. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम तीन तासांचा. हे मी दरवर्षी शिकवतो, प्रश्नपत्रिकेत दोन गुणांना विचारतो आणि चुकलं की गुण कापतो.

"सर, सीझन बघून निघावं लागतं," अण्णा म्हणाले. "यंदा पावसानं रानं बुडाली, अजून वाफसा नाही. आमच्या पोरानं टोळी थांबवून धरलीया. फडात गाडीच जाणार नसंल तर निघून करायचं काय?" मग पान उलटून त्यांनी मस्कतवर बोट ठेवलं. "आन् इथं तेल पुरंल का? समोरून वारा असंल की." लास वेगासच्या ट्रकची गोष्ट मात्र त्यांना मनापासून आवडली. ती त्यांनी दोनदा सांगायला लावली. "ह्ये जमतं," म्हणाले. "ट्रॅक्टर चालू ठिवूनच तेल घालायचं."

निघायचा दिवस दसरा ठरला होता. साडेतीन मुहूर्तांतला एक, शिवाय सीमोल्लंघनाचा, त्यामुळे अण्णांचा सल्ला बाजूला पडला. आदल्या दिवशी खंडेनवमी. आईने पाटावर घरातली सगळी आयुधं मांडली: विळी, कोयता, कात्री, शिलाई मशीनचं बॉबिन, माझ्या गाडीची किल्ली आणि मधोमध जॉयस्टिक. आई तिला गियर म्हणते. हळद, कुंकू, झेंडूचं फूल, मूठभर अक्षता. जॉयस्टिकच्या बुडाशी रबराची घडीघडीची खोळ असते, तिच्या घड्यांत कुंकू गेलं. मी हलक्या हाताने फुंकर मारली आणि सौंदर्य म्हणून तसंच राहू दिलं.

विमान दोन रात्री आधीच मी छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून बीडला आणून ठेवलं होतं आणि सोलापूर-धुळे महामार्गाच्या बायपासवर उतरवलं होतं. यात वेडेपणा नाही. २१ मे २०१५ रोजी हवाई दलाने यमुना एक्सप्रेसवेवर मिराज उतरवलं होतं. त्यांनी वाहतूक थांबवली होती, एवढाच फरक. माझ्या सेसनाच्या अंगातून मोटारी आरपार जात होत्या.

दसऱ्याला संध्याकाळी घर भरलं. आपट्याची पानं द्यायला आलेली माणसं सोनं देऊन थांबली. मी हेडफोन लावला, खुर्ची पुढे ओढली आणि इंजिन सुरू केलं. विमान गेवराईच्या दिशेने धावलं, उचललं गेलं, टाळ्या पडल्या. आणि ते डावीकडे वळायला लागलं.

"वळायलंय," अण्णा म्हणाले.

"वळणारच," मी म्हणालो, आणि मागे न पाहता समजावून सांगितलं. वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची प्रतिक्रिया विमानाला डाव्या अंगाला ओढते. नाक वर असताना पंख्याचं उजवीकडून खाली येणारं पातं जास्त हवा कापतं, तेही नाकाला डावीकडेच ढकलतं. म्हणून उड्डाणाच्या वेळी उजवा पाय दाबून धरावा लागतो. हे सगळं अक्षरशः खरं आहे, कुठल्याही वैमानिकाला विचारा. एका चौकस पाहुण्याने विचारलं, "म्हणजे ते पृथ्वीच्या फिरण्यामुळे होतं ना सर?" इथे माझी पंचाईत झाली. फेरेलच्या नियमाने उत्तर गोलार्धात वारे आणि प्रवाह उजवीकडे वळतात. म्हणजे माझा स्वतःचा विषय नेमका माझ्या विरुद्ध बाजूला होता. "तो परिणाम इथे नगण्य असतो," मी म्हणालो.

एव्हाना विमान साडेतीन हजार फुटांवर होतं आणि वळतच होतं. गेवराईची बाजू दिसली, मग शिरूर कासार, मग पाटोदा, मग मांजरसुंब्याचा घाट, आणि पुन्हा आमच्याच बायपासचे दिवे. मी काठी उजवीकडे रेटत होतो, खांदा भरून आला होता, आणि तोंडाने पंख्याच्या पात्यांबद्दल बोलत होतो. दुसऱ्या फेरीला अण्णा म्हणाले, "गेवराई, शिरूर, पाटोदा, मांजरसुंबा. सर, ह्यो तर आमदारकीचा दौरा झाला." तिसऱ्या फेरीला आईच्या लक्षात आलं आणि ती कळवळली, "अरे, उलटी घालायलास! डावीकडून नाही रे फिरत!" तिने समईत तेल घातलं आणि पडद्याला हात जोडले.

मग ऑटोपायलट लावला. तो सुरू केला की जॉयस्टिकला कुणी विचारत नाही, त्यामुळे विमान शहाण्यासारखं सरळ निघालं आणि जिल्ह्याची सीमा ओलांडली. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या, पण पहिल्यासारख्या नाहीत. भूजला उतरताना काठी हातात घ्यावी लागली तेव्हा मी धावपट्टीच्या डाव्या अंगाला, गवतात उतरलो. तिथून दोन दिवसांनी रात्री मस्कतकडे. हवामान खरं लावलेलं, वारा समोरून, बाहेर काळोख, पडद्यावरही काळोख. तासाभराने खाली समुद्र आणि वर चांदण्या यांत फरक कळेना. सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. अरबी समुद्रावरून सेसना जात होती आणि मी ‘खारे वारे म्हणजे काय’ची चौऱ्याऐंशी वेगवेगळी उत्तरं वाचत होतो. एकाने लिहिलं होतं, मीठ असलेले वारे. डोळा लागला.

सकाळी अण्णा आले तेव्हा पडद्यावर कोरा निळा समुद्र आणि एक सूचना होती. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी म्हणाले, "तेल संपलं."

१९२४ मध्ये अमेरिकी लष्कराने पहिली हवाई जगप्रदक्षिणा केली ती चार विमानांनी सिएटलहून निघून. १७५ दिवस लागले आणि पोचली दोन. ती कोलकाता, अलाहाबाद, कराची अशी आपल्याकडूनच गेली होती. एक अलास्कात डोंगरावर आदळलं, एक अटलांटिकमध्ये गेलं. हे मी अण्णांना सांगून पाहिलं. त्यांना ते सांत्वन वाटलं नाही.

दिवाळीत चिरंजीव आले. मी त्यांना पंख्याच्या प्रतिक्रियेची अडचण सांगितली, वहीतली आकृतीही दाखवली. त्यांनी आकृती पाहिली, जॉयस्टिक उचलली, उलटी केली, रबराची खोळ सोलून वर घेतली आणि टेबलावर दोनदा आपटली. कुंकवाने गुलाबी झालेला एक अख्खा तांदूळ बाहेर पडला. "पप्पा, हा इथे अडकला होता," ते म्हणाले. "काठी मधोमध येतच नव्हती." मी म्हणालो की पंख्याचा परिणामही असतोच. ते म्हणाले, असतो, पण तो उतरताना नसतो. आईने तांदूळ उचलून कपाळाला लावला आणि देवघरात नेऊन ठेवला. तिचं म्हणणं, त्यानेच तुला जिल्ह्यात थांबवून धरलं होतं, तू ऐकलं नाहीस.

आता नवीन बेत पाडव्यानंतरचा आहे. ग्रीनलँड जूनमध्ये, म्हणजे रात्र जवळजवळ नाहीच. बेरिंगमध्ये डायोमीड नावाची दोन बेटं आहेत, मध्ये चार किलोमीटरसुद्धा पाणी नाही, पण एक रशियाचं आणि एक अमेरिकेचं, आणि मधून वाररेषा जाते. एका बेटावर सोमवार असताना दुसऱ्यावर रविवार. शाळेच्या दृष्टीने ती जागा मला सोयीची वाटते. वही अण्णांकडे आहे. त्यांनी मुक्काम पुन्हा लावले, तेलाला चौथा हिस्सा राखीव धरला आणि मस्कतचा रस्ता खोडून तिथे पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलं. जगात सगळ्यांत जास्त ऊस ब्राझीलमध्ये होतो आणि तिथे बहुतेक तोड यंत्राने होते असं मी सांगितल्यापासून त्यांना ब्राझील बघायचं आहे. ते वाटेत नाही हे त्यांना पटत नाही. "प्रदक्षिणेला वाट कसली," म्हणतात.

मी म्हटलं, अण्णा, सेसनाला चार जागा आहेत, तुम्हीच चला शेजारच्या खुर्चीत. त्यांनी तंबाखू मळली, विचार केला.

"येतो की. पर उचल?"

"उचल कसली अण्णा, घरातल्या घरात तर जायचंय."

"सर, बीडचा माणूस उचल घेतल्याबिगर जिल्हा सोडत नसतोय." आणि त्यांनी एक आकडा सांगितला. मला वाटलं, गंमत करतात. करत नव्हते.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला. तेवढ्या पैशात संभाजीनगर ते मुंबई, खऱ्या विमानाची, जाऊन-येऊन दोन तिकिटं होतात. तिने मोबाइलवर पाहून ठेवलं होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. अण्णांनी आपली उचल सोडून तिला दुजोरा दिला, चहा घेतला आणि तिसरं तिकीट केवढ्याला पडेल याची चौकशी केली. खिडकीपाशी कुणी बसायचं यावर घरात सध्या बोलणं बंद आहे.